दापोली कॅम्पातल्या पेन्शनर शिपायांची संघटना : अनार्य दोष परिहारक मंडळी

सुवर्णदुर्ग (धागाकर्ता)

मंडळी, दापोलीवर इथे बरेच धागे निघतात. मुरुडचा किनारा, हर्णैचा मासळीचा लिलाव, थंडीतली हवा. थोरामोठ्यांचा विषय निघाला की महर्षी कर्वे, पां. वा. काणे आणि इथे शिकलेले साने गुरुजी. सगळे खरेच थोर. पण ज्या माणसामुळे आणि ज्या संघटनेमुळे दापोलीचं नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पहिल्या पानांवर यायला हवं, ती या यादीत बहुतेक वेळा नसते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभी राहिलेली त्यांची अनार्य दोष परिहारक मंडळी. हा धागा त्यासाठी.

आधी गाव. जुन्या पाकिटांवर पत्ता दिसतो 'मु. पो. कॅम्प दापोली'. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी लष्कराचा तळ म्हणून ही उंचावरची सपाट, हवेशीर जागा निवडली. पुढे मुख्य पलटणी इथून हलल्या, तरी वय झालेल्या देशी शिपायांची व्हेटरन बटालियन काही काळ इथे होती. नोकरी संपलेले शिपाई, त्यांची कुटुंबं, पेन्शनवर चालणारी घरं असं या गावाचं एक अंग कायमचं होऊन गेलं. पडक्या चर्चचे आणि इंग्रजी कबरींचे अवशेष लोक हौसेने बघायला जातात, पण त्याच कॅम्पात राहिलेल्या देशी शिपायांच्या वस्तीची आठवण कुणी काढत नाही.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात पहिल्यापासून कोकणातल्या महार आणि चांभार समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ बहुतेकांना माहीत आहे. त्यावर कोरलेल्या नावांत 'नाक' शेवटी असलेली नावं किती आहेत ते पाहिलं तरी अंदाज येतो. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत घरटी माणूस पलटणीत असलेल्या वस्त्या होत्या. या नोकरीने पगाराबरोबर आणखी एक गोष्ट दिली. पलटणीत शाळा होत्या, आणि शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकवत. गावात ज्याला शाळेच्या पायरीला शिवू देत नव्हते, त्याला छावणीत अक्षरओळख झाली, हिशेब आला, हुकूम वाचता आला आणि अर्ज लिहिता आला.

गोपाळबाबा या वातावरणातून आले. मूळ गाव महाड तालुक्यातलं रावदळ. सैन्यात हवालदार झाले, १८८६ मध्ये पेन्शन घेतली आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांत त्यांनी लिहिलं. १८८८ मध्ये त्यांचं 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक निघालं. त्यात अस्पृश्यतेला आधार कोणता, असे २६ प्रश्न त्यांनी उच्चवर्णीयांपुढे ठेवले आहेत. एका निवृत्त हवालदाराने धर्मशास्त्र वाचून, एकेका मुद्द्यावर बोट ठेवून हे प्रश्न विचारले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मंडळी स्थापन झाली ती याच काळात. काही अभ्यासक १८८६ साल देतात, काही १८९०. माझा मुद्दा सालाचा नाही. मंडळीचा उल्लेख येतो तो नेहमी 'अस्पृश्योद्धाराची आद्य संस्था' म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण तिचा पाया निवृत्त शिपायांचा होता. तिची ताकद त्या पेन्शनरपणात होती आणि तिच्या अडचणीही त्यातूनच आल्या. ती माजी सैनिकांची संघटना म्हणून वाचली, तर तिने काय केलं आणि ते तसंच का केलं, याचा उलगडा होतो. तुमची मतं वाचायला आवडतील.

बाणकोट

फार आवश्यक धागा. धन्यवाद. मंडणगडकडचा आहे. आमच्या तालुक्यातल्या आंबडव्याच्या सकपाळ घराण्याचा, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचा, उल्लेख इथे व्हायलाच हवा. मालोजी सकपाळ सैन्यात, त्यांचे चिरंजीव रामजी सुभेदार सैन्यात, आजोळचं मुरबाडकर घराणंही लष्करी. रामजींनी पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापकी केली आणि निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीलाच येऊन राहिले. बाबासाहेबांची मुळाक्षरं दापोलीत गिरवून झाली. पुढे कुटुंब साताऱ्याला गेलं. रमाईंचं माहेर वणंद, तेही दापोलीला लागूनच. एवढं सगळं एका छोट्या गावाभोवती का, याचं उत्तर तुमच्या पहिल्या प्रतिसादात आहे. ही पेन्शनरांची वस्ती होती.

अपरान्त

विषय उत्तम, पण मांडणीशी थोडा असहमत. 'माजी सैनिकांची संघटना' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजची पेन्शन, कॅन्टीन, सैनिक कल्याण बोर्ड असं येतं. वलंगकरांचं काम धर्मचिकित्सेचं होतं. अस्पृश्यता ही आर्यांनी जिंकलेल्या अनार्यांवर लादली, अशी त्यांची मांडणी आहे. संस्थेच्या नावातच ते स्पष्ट आहे. तिला पेन्शनरांची संघटना म्हणणं म्हणजे तिला वैचारिक उंचीवरून खाली आणणं नव्हे का? फुले-वलंगकर-आंबेडकर अशी जी वाट आहे, तिच्यात मंडळीचं स्थान विचारामुळे आहे, पलटणीमुळे नाही.

सुवर्णदुर्ग (धागाकर्ता)

अपरान्त, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विचार आणि पलटण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत असं मला वाटतं. मंडळीने घेतलेली कामं बघा. एक काम धर्मचिकित्सेचं, ते वलंगकरांच्या लेखणीतून झालं. दुसरं शाळेचं. तिसरं सैन्यभरतीचं. यातली शेवटची दोन कामं शिपायाच्या घरातूनच उगवतात.

शाळेचं घ्या. पलटणीत असताना मुलगा वर्गात बसला. बाप पेन्शन घेऊन दापोलीला आला आणि त्याच मुलाला नगरपालिकेच्या शाळेत आत घेईनात. वतनी कामाखेरीज दुसरं आयुष्य न पाहिलेल्या माणसाला हे नेहमीचंच वाटलं असतं. पण ज्याने वीस-बावीस वर्षं सरकारची बंदूक खांद्यावर वागवली, अंगावर युनिफॉर्म घातला आणि ज्याचा मुलगा छावणीत इतरांच्या बरोबरीने बाकावर बसला, त्याला हे सहन होणं शक्य नव्हतं. १८९२ पासून पुढची दोन-तीन वर्षं दापोलीच्या महार पेन्शनरांनी या प्रश्नावर अर्जामागून अर्ज केले. सरकारी धोरण कागदावर त्यांच्या बाजूचं होतं. १८८२ च्या शिक्षण आयोगाने सरकारी खर्चाच्या शाळेत जातीवरून कुणाला नाकारू नये हे तत्त्व मान्य केलं होतं. पण नगरपालिकेत सवर्णांचं बहुमत. तोडगा निघाला तो हा, की मुलांनी शाळेच्या पडवीत बसावं. पेन्शनरांनी तो निमूट मान्य केला नाही. पडवीत बसवणं म्हणजे प्रवेश देणं नव्हे, हे त्यांनी लेखी मांडलं. या भांडणाचे कागद सरकारी दप्तरात राहिले, म्हणून आज ते आपल्याला वाचता येतं.

आता अर्जाची रीत बघा. कुणाला लिहायचं, आधी नगरपालिका, मग कलेक्टर, मग वर, ही उतरंड या लोकांना तोंडपाठ होती. सैन्यातल्या माणसाला हुद्द्यांची शिडी शिकवावी लागत नाही. सह्या कुणाच्या, तर हुद्द्यासकट. निवृत्त सुभेदार, निवृत्त जमादार, निवृत्त हवालदार. त्या हुद्द्यांत वजन होतं. दापोलीच्या मामलेदाराला आणि कलेक्टरला हे माहीत होतं की ही माणसं सरकारने मानाने निवृत्त केलेली आहेत. विचार फुल्यांकडून आला हे शंभर टक्के खरं. पण तो विचार सरकारदरबारी पोचवायची हिंमत आणि साधनं पलटणीतून आली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याने मंडळीची उंची कमी होत नाही.

सावित्रीकाठ

महाडची आहे, म्हणून लिहिते. वलंगकर १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारनियुक्त सभासद झाले. तत्कालीन अस्पृश्य समाजातला माणूस बोर्डाच्या सभेत येऊन बसणार, याने उच्चवर्णीय सभासद नाराज झाले. गावात पाणवठ्यावर बंदी असताना कचेरीच्या सभेत बरोबरीचा सभासद, हे त्यांना पचणारं नव्हतंच. १९०० मध्ये वलंगकर गेले. त्यानंतर फक्त २७ वर्षांनी त्याच महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आम्ही महाडकर सत्याग्रहाची गोष्ट १९२७ पासून सुरू करतो. ती वलंगकरांपासून सुरू करायला हवी.

आणि सत्याग्रहाच्या तयारीत निवृत्त लष्करी लोक होतेच. सुभेदार विश्राम गंगाराम सवादकरांचं नाव तर प्रमुख कार्यकर्त्यांत येतं. मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात दापोलीची आठवण काढली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एके काळी कोकणातला हा भाग पेन्शनर लोकांमुळे पुढारलेला होता, सैन्यभरती बंद झाली आणि तो मागे पडला. भरती बंद करणं हा सरकारने केलेला विश्वासघात आहे, असा त्यांचा सूर होता. हे भाषण धागाकर्त्यांच्या मुद्द्याला थेट बळ देतं.

मोडीवाचक

भरतीबंदीचा विषय आलाच आहे तर त्याची पार्श्वभूमी नीट मांडतो.

१८५७ नंतर इंग्रजांच्या डोक्यात कोणत्या जाती लढाऊ आणि कोणत्या नाहीत, याचा एक सिद्धान्त हळूहळू पक्का झाला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. शीख, गुरखे, पठाण, पंजाबी मुसलमान यांच्यावर त्यांचा भर. मद्रास आणि मुंबईच्या सैन्याची किंमत त्यांच्या लेखी कमी. शिवाय पलटणी जातवार करायचं धोरण आलं. एकेका जातीची कंपनी किंवा पलटण. ज्या जातीच्या हाताखाली इतर जातीचे लोक काम करायला तयार नाहीत, तिला जागा कुठे, असा प्रश्न पुढे करून १८९२-९३ च्या सुमारास महार समाजाची भरती थांबवली. चांभार समाजाचीही तीच गत. लढाईत पळाले म्हणून काढलं असं काही घडलेलं नव्हतं. शे-सव्वाशे वर्षांची नोकरी होती, पुरावे होते, स्तंभ होता. फक्त धोरण बदललं.

याचा अर्थ घराघरांत काय झाला असेल ते समजून घ्या. बापाची पेन्शन चालू आहे, मुलगा वयात आलाय, वाचता-लिहिता येतं, आणि जी वाट बापाने आणि आजोबाने धरली ती बंद. परत गावी जाऊन वतनाची कामं करायची. गिरणीत जायचं किंवा मुंबईच्या गोदीत. एका पिढीची चढण आणि पुढच्या पिढीची उतरण, तीही सरकारच्या एका हुकमाने.

मंडळीचं १८९४ चं विनंतिपत्र या वेळचं आहे. सरकारने आम्हाला परत सैन्यात घ्यावं, हा त्याचा गाभा. आम्ही मूळचे क्षत्रिय, १३९६ पासूनच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात जे मिळेल ते खाऊन जगावं लागलं म्हणून आम्हाला वाळीत टाकलं, असं त्यात म्हटलं आहे. जोडीला सैन्यातल्या सेवेचा दाखला. हस्तलिखित प्रत बाबासाहेबांचे चरित्रकार चां. भ. खैरमोडे यांच्या संग्रहात टिकली, म्हणून तो मजकूर अभ्यासकांना मिळाला.

अपरान्त

मोडीवाचक, चांगली माहिती. पण इथे मला परत एक प्रश्न पडतो. एकीकडे 'विटाळ विध्वंसन'मध्ये शास्त्रालाच आव्हान, आणि दुसरीकडे अर्जात 'आम्ही मूळ क्षत्रिय'. ही विसंगती नाही का? जी उतरंड खोटी म्हणायची, तिच्यातच वरची पायरी मागायची?

मोडीवाचक

विसंगती आहे, पण ती अर्जाच्या पत्त्यात आहे असं मी म्हणेन. विनंतिपत्र लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. त्यांनी भरतीचा निकषच 'लढाऊ जात' असा केलेला. मग अर्जदाराने आपण लढाऊ आहोत हे सिद्ध करायचं, तर त्या काळात उपलब्ध असलेली भाषा क्षत्रियत्वाचीच होती. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना जो अर्ज केला, त्याचा सूर बदललेला दिसतो. त्यात जोर ब्रिटिश न्यायबुद्धीवर आहे. आम्हीही प्रजाजन आहोत, सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या नोकऱ्या आम्हाला मोकळ्या हव्यात. हा सोळा वर्षांत झालेला बदल मोठा आहे, आणि तो १८९४ च्या अर्जाच्या खांद्यावर उभा राहूनच झाला.

चिखलवाट

दोन्ही बाजू वाचल्या. एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. ज्या काळात देशात स्वातंत्र्याचा विचार सुरू झाला होता, काँग्रेस १८८५ मध्ये निघाली होती, त्या काळात परकीय सरकारच्या सैन्यात घ्या म्हणून अर्ज करणाऱ्या संघटनेचा गौरव कसा करायचा? शाळेच्या लढ्याबद्दल आदरच आहे. भरतीच्या मागणीबद्दल विचारतोय.

पडवी

चिखलवाट दादा, राग नाही, पण उत्तर द्यायलाच हवं, कारण हा प्रश्न आमच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे.

सैन्यात मराठे होते, शीख होते, गुरखे होते, ब्राह्मण शिपाईही होते. त्यांच्या घराण्यांच्या लष्करी परंपरेचा आज अभिमानाने उल्लेख होतो, आणि व्हावाच. मग हा प्रश्न आमच्याच पणजोबांना का? त्यांच्यापुढे पर्याय कोणते होते ते पाहा. गावात राहायचं तर मेलेली जनावरं ओढायची, कचेरीचे निरोप पोचवायचे, कुणाच्या दारात उभं राहून भाकरी मागायची. तलाठी, शिक्षक, कारकून होणं बंद. दुकान काढलं तर कुणी शिवणार नाही. अशा माणसाला सैन्याने महिन्याचा पगार दिला, अंगावर स्वच्छ कपडा दिला, नावापुढे हुद्दा दिला आणि म्हातारपणी पेन्शन दिली. ते दार बंद झालं तेव्हा ते उघडा म्हणणं हा जगण्याचा हक्क मागणं होतं.

दुसरं असं की स्वातंत्र्याचा विचार करणाऱ्यांपैकी किती जणांनी दापोलीच्या शाळेच्या पडवीतून त्या मुलांना आत बोलावलं? जे आत बोलावत नव्हते त्यांच्या चळवळीत हे लोक आपणहून कसे जातील? आमच्या आजी सांगायच्या, घरात पेन्शनचा कागद देव्हाऱ्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत असायचा. सणासुदीला तो बाहेर काढून हळदकुंकू लावायचे. तो कागद सरकारचा म्हणून पूजला जात नव्हता. आपल्या घराण्यातला माणूस कुणीतरी होता, याचा तो घरातला एकमेव लेखी पुरावा होता.

चिखलवाट

पडवी ताई, इतक्या स्पष्टपणे लिहिल्याबद्दल आभार. पर्याय कोणते होते हा विचार मी या बाजूने केला नव्हता. धागा वाचतोय.

बाणकोट

यातच भर. भरतीबंदीविरुद्ध रामजी सुभेदारांनीही हालचाल केली. न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्जाचा मसुदा करून घेतल्याचा उल्लेख बाबासाहेबांच्या चरित्रात येतो. म्हणजे कोकणातले पेन्शनर गप्प बसलेले नव्हते, जिथून मदत मिळेल तिथून घेत होते.

मला एक विचारायचंय. १८९४ चं विनंतिपत्र प्रत्यक्ष पाठवलं गेलं का? मी दोन्ही प्रकारे वाचलंय.

सुवर्णदुर्ग (धागाकर्ता)

यावर अभ्यासकांत एकमत नाही. मसुदा पूर्ण झाला, पण तो सरकारकडे गेला नसावा, असं मानणारेही आहेत.

मी सुरुवातीला 'अडचणी' हा शब्द वापरला तो यासाठीच. हा भाग माझा तर्क आहे, तसाच वाचावा. पेन्शनर माणसाचं सगळं बळ सरकारच्या मर्जीवर. त्याची सही वजनदार, पण गमवायलाही त्याच्याकडेच काही आहे. सुभेदार-जमादार हुद्द्याच्या माणसाला लष्करी धोरणाविरुद्ध सही करताना मनात धास्ती वाटली असेल तर नवल नाही. घर त्या पेन्शनवर चालतंय, आणि सरकारच्या शिस्तीत आयुष्य गेलंय. वरच्या अधिकाऱ्याच्या हुकमाबद्दल तक्रार करणं हेच त्या शिस्तीच्या विरुद्ध. शाळेच्या अर्जात हा पेच नव्हता, कारण तिथे तक्रार नगरपालिकेविरुद्ध होती आणि सरकारी धोरण आपल्या बाजूने. भरतीच्या अर्जात मात्र तक्रार थेट सरकारविरुद्ध आणि दादही त्याच सरकारकडे. म्हणून शाळेचा लढा ते तीव्रतेने लढले आणि भरतीच्या अर्जाचं घोडं अडलं, असं मला वाटतं.

वलंगकरांची थोरवी यातही दिसते. हवालदार म्हणजे बरोबरच्या अनेकांपेक्षा हुद्द्याने लहान. तरी पुढाकार त्यांचा. स्वतःची पेन्शन त्यांनाही होतीच.

अपरान्त

हे पटलं. विचार आणि पलटण वेगळे काढता येत नाहीत, हा तुमचा मुद्दा मी आता जास्त चांगल्या रीतीने समजू शकतो. माझा आग्रह एवढाच राहील की 'विटाळ विध्वंसन' आणि 'दीनबंधु'तलं लेखन हे मंडळीच्या अर्जांइतकंच मंडळीचं काम मानावं. वलंगकर वाचनाने आणि स्वतंत्र विचाराने घडले. पलटणीत हजारो हवालदार झाले, २६ प्रश्न एकानेच विचारले.

सुवर्णदुर्ग (धागाकर्ता)

शंभर टक्के मान्य.

सावित्रीकाठ

पुढे काय झालं हेही कुणीतरी लिहायला हवं. मी सुरुवात करते. वलंगकर गेल्यावर मंडळीचं काम दापोलीत त्या जोमाने चाललं नाही. एक कारण उघड आहे. नवे पेन्शनर येणंच थांबलं. १८९२-९३ नंतर भरती नाही, म्हणजे काही वर्षांनी निवृत्त होणारेही नाहीत. जुने एकेक करून गेले. ज्या संघटनेचे सभासद पलटणीतून यायचे, तिचा झराच आटला. कुणी मोडली नाही, कुणी बंदी घातली नाही, तरी ती विरत गेली.

मुलं मुंबईला गेली. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात (विधिमंडळात) झाला आणि पुढच्या वर्षी सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तोवर मुंबईत वाढलेली नवी पिढी तयार होती. त्यांनी अर्जाच्या जागी परिषद आणि सत्याग्रह आणला.

मोडीवाचक

आणि भरतीचं काय झालं तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा तत्त्व बाजूला राहिलं. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज संपली की काढलं, हा अनुभव दुसऱ्यांदा. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. 'यश सिद्धी' हे त्यांचं ब्रीद. या रेजिमेंटमधल्या दोघांनी, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी यांनी, पुढे देशाचं लष्करप्रमुखपद भूषवलं. १८९४ च्या मागणीला उत्तर मिळायला ४७ वर्षं लागली, आणि मिळालं ते दापोलीतल्याच एका पेन्शनर सुभेदाराच्या मुलाच्या प्रयत्नाने.

पडवी

मोडीवाचक दादा, हे वाचून अंगावर काटा आला.

दापोलीत गोपाळबाबांच्या नावाने काहीतरी ठळक असावं असं मला मनापासून वाटतं. ज्या शाळेत मुलांना पडवीत बसवलं, त्या लढ्याची माहिती आजच्या मुलांना शाळेतच मिळाली पाहिजे. तालुक्याच्या इतिहासाचं जे दोन पानी टिपण मुलांना देतात, त्यात १८९२ चा अर्ज आला तरी पुष्कळ.

सुवर्णदुर्ग (धागाकर्ता)

पडवी ताई, शाळांसाठीचं टिपण मी लिहायला घेतो. इथे मसुदा टाकेन. अपरान्त, 'विटाळ विध्वंसन'चा परिच्छेद तुम्ही लिहावा ही विनंती.

सर्वांना आणखी एक विनंती. दापोली, खेड, मंडणगड, महाड, माणगाव या तालुक्यांतल्या ज्या घरांत जुने लष्करी कागद आहेत, त्यांनी ते टाकून देऊ नयेत आणि लॅमिनेशनही करू नये, त्याने कागद कायमचा खराब होतो. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पलटणीचा आकडा, भरतीचं साल, निवृत्तीचा हुद्दा आणि गाव, एवढं वाचता आलं तरी मोठं काम होईल. इंग्रजी हस्ताक्षर लागत नसेल किंवा कोपऱ्यात मोडी असेल तर मोडीवाचक आहेतच. मात्र घरच्यांच्या परवानगीशिवाय नावानिशी फोटो इथे टाकू नका. तपशील तेवढे लिहा.

मोडीवाचक

जरूर. व्यक्तिगत निरोपाने पाठवा, वाचून देतो. पलटणींची जुनी नावं आणि आकडे मध्ये बऱ्याचदा बदलले आहेत, त्यामुळे आकड्याबरोबर साल लिहायला विसरू नका. साल असलं की पलटण शोधता येते.

पडवी

आमच्या पेटीतला कागद माझ्या चुलत्यांकडे आहे. गणपतीला गावी जाणार आहे, तेव्हा फोटो काढून मोडीवाचक दादांना पाठवते.